कुतूहल : अहवालात वावडं, ताटात नाही

केळं वर्षानुवर्षं बिनतक्रार पचतं आणि रक्ताच्या अहवालात त्यासमोर ‘पॉझिटिव्ह’ छापून येतं. ही तपासणी आयजीई नावाची प्रतिपिंडं मोजते, आजार नव्हे. शिवाय ती फळामुळेच बनलेली असतील असं नाही. परभणीकडे पावसाळ्यात गवतं फुलतात, पुढे रब्बीची ज्वारी फुलोऱ्यात येते. तीही गवताच्याच कुळातली. त्यांच्या परागकणांतलं प्रोफिलिन हे प्रथिन केळ्या-खरबुजातल्या प्रोफिलिनशी बरंच मिळतंजुळतं. चेहरा जुळला म्हणून पोलिसांनी चोराऐवजी शेजाऱ्याला धरावं, तशी परागकणांविरुद्धची प्रतिपिंडं फळाला चिकटतात. पोटात मात्र हे नाजूक प्रथिन लवकर मोडतं. त्रास झालाच तर बहुधा तोंडाला खाज सुटण्यापुरता.

मग तपासणी निरुपयोगी? तसंही नाही. फळ खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील, तर आयजीईचा ०.३५ च्या वरचा आकडा संशयाला बळ देतो. पण आकडा मोठा म्हणून झटका मोठा, असं नसतं. अहवाल कोरा आला तरी लक्षणं खोटी ठरत नाहीत. फळातली काही प्रथिनं तपासणीचा अर्क बनवतानाच नष्ट होतात. (‘आयजीजी’ या वेगळ्या प्रतिपिंडांच्या तपासणीची महागडी पॅकेजं तर ॲलर्जीबद्दल काहीच सांगत नाहीत.) शंका उरलीच तर ते फळ थोडं थोडं खाऊन पाहायचं, पण घरी नव्हे, दवाखान्यात, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर.