डोंगरची गाडी आणि रोजची वाट

तापीच्या कांठीं सारंगखेडें येथें दत्तजयंतीच्या यात्रेंत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथें येणारा जाणता गिऱ्हाईक खोगिराकडे पाहत नाहीं. तो घोडा चालवून पाहतो, त्याचे पाय व खूर तपासतो आणि मगच किंमत बोलतो. खोगीर कितीही मऊ असलें तरी चालच खडबडीत असेल, तर स्वाराच्या पाठीला सुख मिळावयाचें नाहीं, हें त्याला ठाऊक असतें. त्याच जिल्ह्यांत जीप किंवा तिच्या जातीची गाडी बाळगणाऱ्या गृहस्थाला मात्र या साध्या गोष्टीचा पुष्कळदां विसर पडतो. गाडी दणके देऊं लागली कीं तो प्रथम नवी गादी शिवावयास टाकतो. चार दिवस बरें वाटतें, आणि पुन्हां तेंच कंबरेचें दुखणें सुरू होतें. वस्तुतः गाडींतील सुखाचा शोध जमिनीकडून वर, म्हणजे टायरापासून आरंभ करून शेवटीं गादीपर्यंत, असा घ्यावयास हवा.

नंदुरबार जिल्ह्यांत हा प्रश्न विशेष तीव्रतेनें उभा राहतो, याचें कारण तेथील भूमीच दुहेरी आहे. १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यांत एका बाजूस नंदुरबार, प्रकाशें, शहादें, तळोदें यांचा तापीखोऱ्यांतील सपाट मुलूख आहे. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा आणि त्यांच्या पलीकडे नर्मदा आहे. शहाद्याहून समुद्रसपाटीपासून सुमारें ११५० मीटर उंचीवरील तोरणमाळास जातांना सातपायरी घाटाचीं वळणें चढावीं लागतात. तळोद्याकडून धडगांवास जातांना चांदसैलीचा घाट लागतो, तर अक्कलकुव्याहून मोलगीस जातांना देवगोईचा. डोंगरांतील पाड्यांच्या वाटा पावसाळ्यांत चिखलाच्या व दगडगोट्यांच्या होतात. अशा ठिकाणीं नोकरी करणारा वैद्य किंवा शिक्षक, अथवा तेथें शेत असलेला सपाटीवरील गृहस्थ, जीप उंच करून घेतो व तिला मोठे टायर चढवितो. त्यांत कांहीं गैर नाहीं. परंतु त्याच गाडींतून मुलें शाळेस जातात, वृद्ध माणसें दवाखान्यांत जातात आणि प्रसंगीं गरोदर स्त्रीलाही डोंगरांतून खालीं आणावें लागतें. एकाच गाडीनें दोन्ही कामें करावयाचीं, तर दोहोंचा मेळ कसा घालावा, हा येथें विचाराचा विषय आहे.

जीपचा जन्म सुखासाठीं झालाच नव्हता. १९४० सालीं अमेरिकन सैन्यानें हलक्या, चारही चाकांना जोर असलेल्या गाडीची मागणी केली, आणि १९४१ पासून विलीस व फोर्ड या कारखान्यांनीं युद्ध संपेपर्यंत अशा सहा लक्षांहून अधिक गाड्या बाहेर काढल्या. पुढच्या व मागच्या आंसांमध्यें अवघें ८० इंच अंतर असल्यामुळें ही गाडी अडचणींतून सहज वळे. परंतु खड्ड्यावरून जातांना तिचें नाक व शेपूट आळीपाळीनें वरखालीं होई. माकडहाडाजवळ गळूं होण्याचा विकार सैनिकांत इतका वाढला कीं, लुई ब्युई या अमेरिकन शल्यवैद्यानें १९४४ सालीं त्याचें वर्णन ‘जीपचा रोग’ या नांवानेंच केलें. त्या विकाराचीं इतर कारणेंही आहेत. तथापि कठीण बैठक व सततचे धक्के यांचा दोष त्या काळींच ध्यानांत आला होता. त्याच दशकांत मुंबईच्या महिंद्र कंपनीनें जीप हिंदुस्थानांत आणिली. तिच्या पुढील वंशांतील जुन्या गाड्यांना चारही चाकांवर पोलादी पाट्यांच्या कमानी असत. २०२० सालीं आलेल्या नव्या थार गाडीस मात्र चारही बाजूंस वेटोळ्यांच्या स्प्रिंगा आहेत. म्हणून पुढील विवेचन मुख्यतः जुन्या, पाट्यांच्या गाड्यांना लागू आहे. टायर, बैठक व कायदा यांविषयींचें सांगणें दोन्ही प्रकारांस सारखेंच लागू पडतें.

धक्का शरीरास कसा पोंचतो हें समजलें, म्हणजे उपायांचा क्रम आपोआप कळतो. कमानींवर ठेविलेली गाडी दाबून सोडली तर ती ठराविक वेगानें वरखालीं होते. सुखद मोटारींत हा झोका मिनिटास साधारण ६० ते ९० वेळां होतो, आणि शरीर तो सहज सोसतें. भारी ओझ्यासाठीं केलेल्या ताठ पाट्यांवर गाडी रिकामी धांवत असली, तर तोच झोका सेकंदास दोन किंवा अधिक वेळां होतो. याच्याही वर, सेकंदास ४ ते ८ या वेगाचीं कंपनें मनुष्यदेहास सर्वांत जाचक ठरतात. कारण त्या वेगाला पोट व छाती स्वतःच डोलूं लागतात आणि त्याचा ताण पाठीच्या कण्यावर येतो. सारांश, धक्का मोठा आहे कीं लहान एवढेंच पाहून भागत नाहीं. तो किती घाईनें येतो, हेंही महत्त्वाचें आहे.

आतां पहिली पायरी टायरांची. जमिनीचा पहिला धक्का टायरांतील हवा झेलते, म्हणून हवेचा दाब हा सर्वांत स्वस्त उपाय होय. चिखलांत किंवा वाळूंत पकड मिळावी म्हणून कांहीं चालक हवा कमी करतात. पक्क्या रस्त्यावर येतांच ती पूर्ववत् भरली नाहीं, तर टायर तापतो, गाडी वळणावर लोळते आणि टायर फुटण्याचें भय उत्पन्न होतें. उलट, हवा गरजेपेक्षां अधिक भरली तर प्रत्येक खडा पाठीला कळतो. कारखान्यानें नेमून दिलेला दाब, टायर थंड असतांना, दर पंधरवड्यास मापून घ्यावा. टायर मूळ मापाचे नसतील, तर दाब किती असावा हें त्या टायराच्या जाणकारास विचारावें.

टायराची जातही तितकीच महत्त्वाची. खोल खाचांचे चिखलाचे टायर डांबरी सडकेवर भुंग्यासारखे गुणगुणतात, आणि ओल्या गुळगुळीत डांबरावर त्यांचा रबर कमी टेकत असल्यामुळें ब्रेक लावतांना गाडी अधिक दूर जाते. ज्याचा प्रवास महिन्यांतून पंचवीस दिवस सडकेवरचा आहे, त्यानें मध्यम खाचांचे, दोन्ही वाटांचे रेडियल टायर घ्यावेत. टायर फार मोठा केल्यास आणखी एक फसगत होते. २८ इंच व्यासाच्या जागीं ३१ इंचांचा टायर घातला, तर गतिदर्शकाचा कांटा ६० दाखवीत असतांना गाडी खरी ६६ च्या वर धांवत असते. शिवाय चाक जड झालें कीं कमानीखालील वजन वाढतें. तें जड चाक खड्ड्यांतून उसळतांना कमानीला आवरत नाहीं, आणि ब्रेकांवरही भार पडतो.

दुसरी पायरी पाट्यांची. बऱ्याच गाड्यांना ओझ्यासाठीं जादा पाटे घातलेले असतात. ओझें रोज न्यावयाचें नसेल, तर जाणत्या कारागिराकडून गाडीच्या खऱ्या वजनास जुळतील असे पाटे बसवून घ्यावेत. अंदाजानें पाटा काढून टाकणें मात्र धोक्याचें; कारण भरलेली गाडी मग घाटांत खालीं आपटते, आणि उरलेल्या पाट्यांवर ताण येऊन ते मोडतात. पुष्कळदां तर पाटे योग्यच असतात. त्यांच्यामध्यें माती व गंज सांचून ते एकमेकांना धरून बसलेले असतात. अशी कमान लवचिक न राहतां लाकडाच्या तुळईसारखी होते. पाटे सोडवून, घासून, त्यांच्यामध्यें ग्राफाइटचें वंगण किंवा नायलॉनच्या पट्ट्या घातल्या आणि टोकांचे झिजलेले रबरी बुश बदलले, तर जुनी गाडीही मऊ चालूं लागते. पावसाळा संपल्यावर हें काम करून घेणें इष्ट होय.

कमान धक्का घेते, पण झोका थांबवीत नाहीं. तें काम शॉक अब्सॉर्बरचें. त्याच्या नळींतील तेल बारीक छिद्रांतून दबून जातें आणि हालचालीची शक्ति उष्णतेंत जिरवितें. त्यांतून तेल गळूं लागलें, म्हणजे तो निकामी झाला असें समजावें. गाडी उंच केल्यावर मूळ लांबीचाच शॉक ठेविला, तर तो पुरता ताणला जाऊन कांहीं एक काम करीत नाहीं. आणि फार कडक शॉक घातला, तर मऊ केलेल्या पाट्यांचा उपयोग राहत नाहीं. म्हणून पाटे व शॉक यांची जोडी एकत्र जमवावी.

तिसरी पायरी सरळ चालण्याची. सायकलचा पुढचा दांडा किंचित् तिरपा असतो, म्हणून ती हात सैल सोडले तरी सरळ जाते. जीपच्या पुढच्या आंसासही असाच तिरपेपणा असतो. गाडी उंच करतांना तो बिघडला, तर स्टिअरिंग वळणानंतर आपोआप परत येत नाहीं आणि गाडी सडकेवर डावीउजवीकडे भटकूं लागते. चालक ती दर क्षणीं सांवरीत राहतो, आणि तासाभरांत त्याचे खांदे भरून येतात. ज्याला तो थकवा म्हणतो, तो वस्तुतः आंसाच्या कोनाचा दोष असतो. पाटा व आंस यांच्यामध्यें योग्य मापाची पोलादी पाचर बसवून तो दुरुस्त करतां येतो. ठराविक वेगाला सारी गाडी थरथरत असेल, तर गिअरपासून आंसापर्यंत फिरणाऱ्या दांड्याचा कोन बदलला आहे काय, हें पाहावें. हे दोष काढल्याखेरीज पुढील खर्च करूं नये.

चौथी पायरी आवाज, ऊन व पाणी यांची. तापीखोऱ्यांत उन्हाळ्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि इंजिनाची धग पत्र्यांतून पायांस लागते. इंजिन व बैठक यांमधील पत्र्यास डांबरी थराचे पत्रे चिकटविले, तर पत्र्याची थरथर मंदावते. वर बंद छिद्रांचा रबरी फेस घातला, तर उष्णता व आवाज दोन्हीही कमी होतात. कापसाचा नमदा मात्र टाळावा. तो स्वस्त खरा, पण पावसाचें पाणी शोषून महिनोन् महिने ओला राहतो व तळाचा पत्रा गंजवितो. तळाचीं पाणी जाण्याचीं छिद्रें बुजवूं नयेत. दारांच्या व छताच्या रबरी पट्ट्या बदलल्यानें धूळ, वारा व पाणी या तिघांनाही एकदमच आळा बसतो.

इतकें झाल्यावर गादीची पाळी येते. ताठ कमानींवर फार मऊ, उसळणारी गादी बसविली, तर माणूस गाडीच्या झोक्यांत आणखी एक झोका मिळवितो. म्हणून गादी जाड पण घट्ट असावी, पाठीला कंबरेपाशीं आधार असावा आणि पाय पेडलापर्यंत न ताणतां पोंचावेत. जुन्या जीपमध्यें मागें समोरासमोर तोंड करून आडवे बांक असतात. तेथें बसणाऱ्यास प्रत्येक वळणावर बाजूनें धक्का बसतो; अचानक ब्रेक लागल्यास त्याला अडविणारें कांहीं नसतें. मुलांना अशा बांकांवर रोज नेणें हें गैरसोयीपेक्षांही धोक्याचें आहे. पुढें तोंड असलेली, पट्ट्याची बैठक हवी असेल, तर ती परवानगीनें व सांगाड्याशीं पक्की जोडूनच करवावी.

येथें कायद्याचा विचार येतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५२ व्या कलमान्वयें नोंदणीपत्रांत लिहिलेल्या तपशिलाशीं विसंगत ठरेल असा बदल गाडींत करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही हेंच तत्त्व स्पष्ट केलें. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें बेकायदा बदलास सहा महिन्यांपर्यंत कैद, दर बदलास ५००० रुपये दंड, किंवा दोन्हीही, अशी शिक्षा ठरविली. पुढें लावावयाच्या जाड लोखंडी गजांना डिसेंबर २०१७ मध्येंच केंद्र सरकारनें मनाई केली आहे. हे गज शोभेसाठीं लावतात. पण ते गाडीचें नाक जड करून पुढचे पाटे दाबतात, आणि टक्कर झाल्यास पादचाऱ्यास अधिक इजा करतात. म्हणजे येथें कायदा व सुख एकाच बाजूचे आहेत. इंजिन, सांगाडा, उंची किंवा बैठकींची संख्या बदलावयाची असेल, तर आधीं परिवहन कार्यालयांत विचारावें. अपघातानंतर विम्याचा प्रश्न निघाला, म्हणजे या विचारपुशीची किंमत कळते. ज्याची गाडी आधींच उंच केलेली आहे, त्यानेंही तिची नोंद कायदेशीर आहे कीं नाहीं हें पाहून घ्यावें. नसल्यास ती मूळ उंचीवर आणणें हाच पुष्कळदां सर्वांत सुखाचाही उपाय ठरतो.

कोणी म्हणेल कीं, डोंगरांत फिरणाऱ्यानें एवढें सुख कशास पाहावें? परंतु चांदसैलीसारख्या घाटांत चालकाच्या हाताला मुंग्या आलेल्या असणें, कान बधिर झालेले असणें आणि मान अवघडलेली असणें, ही केवळ गैरसोय नव्हे. थकलेला मनुष्य वळण उशीरां पाहतो आणि ब्रेक उशीरां लावतो. जी गाडी चालकाला ताजा ठेविते, ती दरीच्या कडेलाही अधिक विश्वासाची ठरते. म्हणून ज्याला थोड्या पैशांत सुधारणा करावयाची आहे, त्यानें या महिन्यांत हवा मापावी, पुढील महिन्यांत पाटे धुऊन वंगण द्यावें, मग शॉक व बुश पाहावेत. शिंप्याकडे गादीचें माप त्यानंतर द्यावें. एवढें झाल्यावर पुष्कळांना असें आढळून येतें कीं, जुनी गादी होती तीच पुरेशी होती.