असत्यविहीन जगातील सत्यनिष्ठा

ज्याला खोटे बोलताच येत नाही त्याला सत्यनिष्ठ म्हणावे काय? नीतिशास्त्रातील हा प्रश्न एका विनोदी चित्रपटाने अनपेक्षितपणे पुढे आणला आहे. रिकी जर्वेस व मॅथ्यू रॉबिन्सन यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला ‘दि इन्व्हेन्शन ऑफ लाइंग’ हा चित्रपट २००९ साली प्रदर्शित झाला. त्यातील मनुष्यजातीला असत्यभाषणाची शक्तीच लाभलेली नाही. ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हे. स्विफ्टच्या १७२६ सालच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मधील अश्वजातीच्या भाषेतही ‘खोटे’ या अर्थाचा शब्द नाही.

नायक मार्क बेलिसन याची नोकरी जाते आणि घरभाडे थकते. बँकेत जावे तो तेथील यंत्रणा बंद. तेव्हा खात्यात तीनशे डॉलर असता तो आठशे सांगतो. इतक्यात यंत्रणा सुरू होऊन तीनशेचा आकडा दाखविते. पण खिडकीवरील कारकून चूक यंत्राचीच मानून त्याला आठशे देते. हा प्रसंग बारकाईने पाहण्याजोगा आहे. या जगात प्रमाद संभवतो, प्रतारणा संभवत नाही. म्हणून दोन विधानांत विरोध आला की यंत्रावर संशय घेता येतो, माणसावर नाही. उणीव असत्याची आहे तितकीच संशयाचीही आहे. कांटने १७८५ साली असे प्रतिपादिले की, खोटे वचन देणे हा सार्वत्रिक नियम झाल्यास वचनावर कोणी विश्वासच ठेवणार नाही. येथे त्याची उलट बाजू दिसते : विश्वास सार्वत्रिक असता एकच असत्यवादी सर्वसमर्थ ठरतो.

मात्र लेखकद्वयाने दोन ठिकाणी गल्लत केली आहे. त्यांची पात्रे मनात येईल ते बोलून टाकतात. उपाहारगृहातील वाढपी आपल्याला येथे काम करण्याची लाज वाटते, असे आपण होऊन सांगतो. विनोदाला हे पोषक खरे. पण असत्य न बोलणे म्हणजे सर्व काही बोलणे नव्हे. शिवाय शब्दशः खरे बोलूनही फसविता येते, हे अश्वत्थाम्याविषयीचे धर्मराजाचे वचन ठाऊक असलेल्यांना सांगावयास नको. दुसरी गल्लत ललितकृतीविषयी. या जगातील चित्रपट म्हणजे खुर्चीत बसून केलेले इतिहासवाचन. मार्कच्या वाट्याला चौदावे शतक व त्यातील महामारी आलेली! कल्पित ते सर्व असत्य, हे त्यामागील गृहीत. पण कवी कशाचेही प्रतिपादन करीत नाही, म्हणून तो खोटे बोलत नाही, हे उत्तर सिडनीच्या १५९५ साली छापल्या गेलेल्या काव्यसमर्थनात आलेलेच आहे.

चित्रपटाचे खरे मर्म मार्कच्या आईच्या मृत्युशय्येपाशी आहे. मृत्यूनंतर केवळ शून्य, या भयाने ती व्याकुळ होते आणि मार्क तिला परलोकातील सुखाचे वर्णन सांगतो. १७९७ च्या निबंधात मित्राचे प्राण वाचविण्यासाठीही असत्य नाकारणाऱ्या कांटला हे सांत्वन मान्य झाले नसते. प्रस्तुत लेखकास ते क्षम्य वाटते. अडचण निराळीच आहे. आईला अविश्वास ठेवता येतच नाही. तिच्या संमतीला श्रद्धा म्हणणे कठीण, कारण श्रद्धेला संशयाची शक्यता पार करावी लागते. ते शब्द कानी पडताच लोकांची रीघ लागते आणि पिझ्झाच्या खोक्यांवर लिहिलेल्या नियमांतून एक धर्म उभा राहतो.

पुढे प्रेयसी ॲना दुसऱ्याशी विवाहबद्ध होत असता आकाशस्थ पुरुषाची इच्छा काय, असे मार्कला विचारते. एका वाक्याने ती त्याची झाली असती. पण तो ते वाक्य उच्चारीत नाही. भोवतालच्या कोणालाही हा नकार शक्य नव्हता, कारण त्यांच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. त्या साऱ्या जगात सत्यनिष्ठ म्हणता येईल असा मनुष्य एकच, आणि तो असत्याचा जनक आहे.