दुरुस्तीचा खर्च धरून

फेब्रुवारी-मार्च आला की कुहीकडच्या अंगणांत आणि गच्च्यांवर लाल मिरची वाळत पडते. नागपूरच्या आग्नेयेचा हा तालुका, शेजारचे उमरेड आणि भिवापूर, हा सगळा मिरचीचा पट्टा. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. घरात मिक्सर असतो, दुकानात पाकीटबंद तिखट मिळते. तरीही वर्षाचे तिखट करायचे म्हटले की कित्येक घरांत रीत जुनीच: मिरची उन्हात कडक वाळवायची, देठ काढायचे आणि डबा घेऊन कांडपावर जायचे.

कांडप यंत्र चालते विजेवर, पण आत काम करते मुसळच. लोखंडी मुसळे वरखाली होतात आणि मिरची कुटली जाते. पात्यांनी कापलेल्या तिखटापेक्षा कुटलेल्याला रंग आणि वास बरा, असे बाया सांगतात. खांद्याचे श्रम विजेने उचलले, कुटणे मात्र राहिले.

याच मिरचीचे दुसरे चित्र सातऱ्यावर दिसते. सातरा म्हणजे व्यापाऱ्याच्या मिरचीचे देठ खुडण्याची जागा. बाया ओळीने बसतात, हाताने देठ काढतात आणि किलोमागे मजुरी घेतात. बोटांची आग होते, ठसका लागतो. इथली पद्धतही साधी आणि जुनी, पण ती त्या बाईने पसंत केलेली नाही. घरच्या तिखटाची रीत ती ठरवते, सातऱ्यावरची दुसराच कोणीतरी.

साधी पद्धत कोणाच्या सोयीची, हा प्रश्न सर्वांत नेटाने विचारला गेला तो शेजारच्या वर्ध्यात. 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि त्याचे ठाणे वर्ध्याच्या मगनवाडीत पडले. सूत्रे होती जे. सी. कुमारप्पांकडे. हे गृहस्थ लंडनमध्ये शिकलेले हिशेब तपासनीस, पुढे अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेले. घाण्याचे तेल आणि हातसडीचा तांदूळ यांची बाजू त्यांनी मांडली ती हिशेबानेच. गिरणी आली की माल स्वस्त होतो. पण गावातले किती हात रिकामे होतात आणि पैसा गावाबाहेर किती जातो, हेही त्याच वहीत लिहिले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पुढे ई. एफ. शूमाखर यांनी ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ या 1973 च्या पुस्तकात कुमारप्पांचा आधार घेतला.

ग्रामोद्योग संघ निघण्याआधी, 1929 मध्ये, चांगला चरखा शोधून काढणाऱ्याला गांधीजींच्या अखिल भारतीय चरखा संघाने 1 लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. म्हणजे गांधीजींना यंत्र हवेच होते! फक्त अटी वाचण्यासारख्या आहेत. चरखा हलका हवा, झोपडीत हाताने किंवा पायाने चालला पाहिजे. बाईला त्यावर फार न थकता आठ तास काम करता आले पाहिजे. किंमत 150 रुपयांच्या आत हवी, तो 20 वर्षे टिकला पाहिजे आणि सुटे भाग बदलण्याचा वर्षाचा खर्च किमतीच्या 5 टक्क्यांवर जाता कामा नये. किर्लोस्करवाडीच्या किर्लोस्कर बंधूंनी यंत्र करून पाठवले, पण ते कसोटीला उतरले नाही. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. आज मोबाइल घेताना पुढे त्याची काच बदलायला किती पडेल, हे किती जण विचारतात?

30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला गेले. तेच आजचे सेवाग्राम. तिथली बापूकुटी माती, बांबू, लाकूड आणि कवेलूंची. ती शाकारायला आणि लिंपायला गावातलीच माणसे पुरत. मात्र त्याच आश्रमात टेलिफोनही होता. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावे म्हणून तो बसवला गेला. आजही तो तिथे पाहायला मिळतो.

जुने ते सगळे चांगले, असे मगनवाडीनेही मानले नाही. धुराने डोळे चोळणाऱ्या बाईसाठी तिथे चुलीतच सुधारणा झाली आणि धूर बाहेर नेणारी ‘मगन चूल’ निघाली. आता गॅस आला. चहा, भाजी आणि रोजची पोळी त्यावर होते. गावाकडे कित्येक घरांत आंघोळीचे पाणी मात्र अजून चुलीवर तापते, कारण सिलिंडर भरायला रोख लागते आणि काटक्या बांधावर मिळतात. फुकट मिळणाऱ्या या सरपणाच्या खर्चात धुराने होणारा खोकला मात्र कोणी धरत नाही.

नागपूरची लांब रोटी तर गॅसच्या शेगडीला जुमानतच नाही. गव्हाची सैल, लवचीक कणीक हातांवर ताणत नेऊन उपड्या मडक्यावर टाकायची, खाली लाकडाचा जाळ. रोजच्या स्वयंपाकात हा खटाटोप कोणी करत नाही. पाहुणे यायचे असले की रोट्या करणाऱ्या बायांना ऑर्डर दिली जाते. सातऱ्यावर बसणाऱ्या बाईपेक्षा यांचा हिशेब वेगळा: मडके त्यांचे, कसब त्यांचे आणि भावही रोटीमागे त्याच सांगतात.