चावडीवरील नोटिशीपासून पाणीवापर संस्थेपर्यंत

महाराष्ट्रातील धरणांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास आपण बहुधा भिंतींची उंची, जलाशयांचा साठा आणि ओलिताखाली आलेले क्षेत्र यांच्या हिशेबाने सांगत आलो. परंतु ज्यांच्या जमिनींवर ही कामे उभी राहिली, त्यांचे मत सरकारने नेमके केव्हा विचारले, या एका प्रश्नानेही त्या काळाचे मोजमाप करता येते.

मुळशी पेट्यात १९२१ च्या रामनवमीस सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा मत विचारण्याची वहिवाटच नव्हती. मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्याकरिता टाटांच्या कंपनीने नीला-मुळेच्या संगमावर धरण योजिले आणि १८९४ चा भूसंपादन कायदा तिच्या मदतीस धावला. त्या कायद्यान्वये निघणाऱ्या नोटिशीने रयतेला दाद मागता येई ती मोबदल्यापुरती. संपादनासच हरकत घेण्याचा रीतसर हक्क ५-अ या कलमाने आला तो १९२३ साली, म्हणजे सेनापती बापट व त्यांचे सहकारी तुरुंगाच्या वाऱ्या करीत असताना, आणि निकडीच्या सबबीवर ती सुनावणी वगळण्याची मुभाही सरकारने स्वतःकडे राखून ठेवली.

स्वराज्यातही हा शिरस्ता फारसा पालटला नाही. १९६० च्या दशकात कोयनेचे धरण पुरे होऊन राज्याच्या कारखानदारीस वीज मिळाली. मात्र तेथून उठलेल्या अनेक कुटुंबांचे जमिनीचे अर्ज दोन पिढ्या उलटल्या तरी कचेऱ्यांच्या दप्तरांत फिरत राहिले. 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही घोषणा या अनुभवातूनच रुजली. डॉ. बाबा आढावांसारख्यांनी धरणग्रस्तांना संघटित केले आणि १९७६ साली पुनर्वसनाचा कायदा होऊन लाभक्षेत्रातील जमिनीचा काही भाग विस्थापितांना देण्याचे तत्त्व मान्य झाले. तत्त्व थोरच, पण धरण व्हावे की न व्हावे, कोठे व केवढे व्हावे, हे ठरून गेल्यानंतरचे.

खरा पालट लहान कामांनी घडविला. सांगली जिल्ह्यातील दुष्काळी खानापूर तालुक्यात येरळेच्या कोरड्या पात्रातील वाळू ठेकेदार उपसून नेत. तांदुळवाडी-बलवडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात त्याच वाळूच्या विक्रीतून बळीराजा धरणास पैसा उभा करण्याचे ठरविले, आणि भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबास पाण्याचा समान वाटा असावा, हा नियमही स्वतःच घातला.

नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणाचे पाणी पाटाच्या शेवटास, ओझरच्या शिवारात, धड पोहोचत नसे. बापूसाहेब उपाध्ये व भरत कावळे यांच्या पुढाकाराने १९९० च्या सुमारास तेथील शेतकऱ्यांनी संस्था स्थापून खात्याकडून पाणी मोजून ठोक घेतले, आणि पाळ्यांची वाटणी व पाणीपट्टीची वसुली आपल्या शिरावर घेतली. पुढे सबंध प्रकल्पाचेच व्यवस्थापन संस्थांकडे आले. २००५ च्या कायद्याने ही रीत राज्यभर नेली, आणि संस्थेच्या कारभारात पाटाच्या मुखाशी, मध्यावर व शेवटास जमीन असणाऱ्यांना सारखेच स्थान दिले.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने खाजगी कंपनीसाठी ८० टक्के आणि सरकारी-खाजगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधितांची संमती आवश्यक केली. सर्वस्वी सरकारी प्रकल्पांना मात्र ती अट नाही. पाण्याचा मोजून हिशेब ठेवणे आणि पैपैची वसुली करणे शेतकऱ्याला साधते, हे वाघाडने सिद्ध केले असता, धरणाची जागा व उंची ठरविताना त्याच्या संमतीवाचून भागते असे समजण्याला आता कोणतेही सबळ कारण उरलेले नाही.