जुन्या रायफलीचा नेम कसा पारखावा?

खामगावहून बुलडाण्याकडे निघाले की बोथ्याचा घाट लागतो. इथेच सुमारे 205 चौरस किलोमीटरचे ज्ञानगंगा अभयारण्य पसरले आहे. जंगलालगतच्या सोयाबीन, तूर, हरभऱ्यात रोही आणि रानडुकरे शिरतात, म्हणून काही शेतकरी पीक राखण्यासाठी शस्त्र परवाना काढतात. नवी रायफल महाग पडते, तेव्हा नजर जुन्या मालाकडे वळते.

परवान्यावर मिळणाऱ्या बोल्ट रायफलींत आपल्याकडे सर्वांत ओळखीची ती .315 बोअरची. तिचा जन्म मोठा गमतीचा आहे. इंग्रजांनी लष्कराचे .303 काडतूस नागरिकांना वर्ज्य केले. मग बंदूक बनवणाऱ्यांनी लष्करी ली रायफलीचाच सांगाडा घेऊन त्यात ऑस्ट्रियाचे 8 मिलिमीटर मानलिखर काडतूस बसवले. पुढे बंगालमधील इशापूरच्या सरकारी कारखान्यात ही रायफल तयार होऊ लागली. तिच्या काडतुसाच्या बुडावर दिसणारी ‘केएफ’ ही अक्षरे पुण्याजवळच्या खडकी कारखान्याची.

रायफलीच्या नळीत आतून मळसूत्री खाचा असतात. लष्करी ली-एनफिल्डमध्ये अशा पाच खाचा, दर दहा इंचांना एक पूर्ण वळण घेणाऱ्या. गोळी सेकंदाला सुमारे 744 मीटर वेगाने सुटते, म्हणजे बाहेर पडताना ती सेकंदाला 2,900 हून अधिक गिरक्या घेत असते! याच गिरकीमुळे ती हवेत न कोलमडता सरळ जाते. म्हणून जुनी रायफल पारखायची तर दस्त्याच्या पॉलिशपेक्षा नळी पाहावी.

रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढावा आणि मागून उजेडाकडे बघावे. खाचांच्या कडा धारदार, सलग दिसायला हव्यात. काळे खड्डे म्हणजे गंज. नळीचे तोंड तर भिंगाखाली पाहावे. तिथे एका बाजूला बारीक टवका उडाला असेल, तर गोळी सुटताना वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीला ढकलतो. जुन्या लष्करी पद्धतीत नळी दोरी ओढून साफ करत. दोरी वर्षानुवर्षे एकाच कडेला घासली की तोंड लंबगोल होते. नंतर लाकूड पाहावे. पावसाळ्यात फुगलेले लाकूड नळीला रेटते, आणि दस्त्याचे स्क्रू ढिले असतील तर दर गोळीला रायफल नव्याने बसते.

खरा निकाल कागदावर लागतो, तोही मान्यताप्राप्त फायरिंग रेंजवरच. नळी थंड असताना, वाळूच्या पिशवीवर टेकवून, 100 मीटरवरून एकाच बनावटीच्या पाच गोळ्या झाडाव्यात. सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या मध्यांमधले अंतर मोजावे. नेमबाजांच्या हिशेबात एक ‘मिनिट’ म्हणजे या पल्ल्यावर सुमारे 29 मिलिमीटर. जुन्या रायफलीने छिद्रे सहा ते नऊ सेंटिमीटरमध्ये ठेवली, तर ती कामाची. छिद्रे एकत्र पण मध्यापासून बाजूला पडली, तर साइट सरकवून काम भागते. ती इतस्ततः विखुरली, तर आधी स्क्रू आणि लाकूड तपासावे. तेही ठीक असेल तर दोष बहुधा नळीत असतो आणि तो स्वस्तात जात नाही.

व्यवहाराला कायद्याची चौकट आहे. 1959च्या शस्त्र कायद्यानुसार विकणाऱ्याने घेणाऱ्याचे नाव-पत्ता देऊन जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर किमान 45 दिवस थांबावे लागते. घेणाऱ्याकडेही परवाना हवाच. शिवाय शस्त्राचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली पिकाची नासधूस करणाऱ्या जनावरालाही सक्षम वन अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाशिवाय मारता येत नाही. तेव्हा रायफलीवरचा क्रमांक परवान्याशी ताडून पाहा, पाच गोळ्यांचा कागद हाती घ्या, आणि मगच पैसे मोजा.