ज्ञान पुण्यात, ताप केरमध्ये

डॉक्टर चांगला कुणाला म्हणावे, यावर आमच्या मालवणच्या बाजारात वाद होत नाही. ‘हाताक गुण आसा’ म्हटले की विषय संपला. हाताचा गुण ही मोठीच गोष्ट. पण तो एकटा पुरत नाही, हे सिंधुदुर्गाला २०१६ साली माकडतापाने शिकवले.

त्या वर्षी गोव्याच्या सीमेवरील दोडामार्ग तालुक्यात, केर गावी आणि आसपास, रानात माकडे मरून पडू लागली आणि घरोघर माणसे तापाने फणफणली. डोके असह्य दुखे, अंग ठणके. रोग नवा नव्हता. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात तो १९५७ साली सापडला होता. त्याचा विषाणू ओळखला तो पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने. २०१५ साली तो शेजारच्या सत्तरीपर्यंत आलाही होता. ज्ञान आपल्याच राज्यात होते. ते केरपर्यंत पोचवायचे कुणी, हा प्रश्न होता.

या तापावर खास औषध नाही. रुग्णाला सांभाळायचे, एवढेच डॉक्टरच्या हाती. शंभरातले तीन ते पाच दगावतात. म्हणून खरे काम दवाखान्याबाहेरचे. मेलेले माकड दिसताच गावकऱ्याने कळवावे, वनखात्याने आरोग्यखात्याला सांगावे, रक्ताचा नमुना वेळेत प्रयोगशाळेत जावा. रोग पसरवते गोचीड, आणि तिचा जोर डिसेंबर ते मे. नेमका हाच काजूचा आणि पातेरा गोळा करण्याचा हंगाम. ज्या बाईचे वर्षाचे पोट काजूवर, तिला ‘रानात जाऊ नको’ सांगून काय उपयोग? तिच्या हातापायाला लावायला डीएमपी तेल वेळेवर मिळाले पाहिजे.

लशीचेही तेच. महिन्याच्या अंतराने दोन मात्रा, पुढे आणखी एक. नुसत्या एका मात्रेने संरक्षण मिळत नाही आणि दोन मात्रांचेही अपुरेच पडते, हे कर्नाटकातील अभ्यासातून २०१३ साली प्रसिद्ध झाले होते. तरीही तीच लस आमच्याकडे आली. तिचा वापर थांबायला २०२२ उजाडले.

बँकेत आम्ही संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय तिजोरी बंद करीत नसू. दहा रुपयांचा फरक सापडेपर्यंत सगळे थांबत. त्यात कुणाची हुशारी नव्हती, रीत होती. आरोग्यखात्यातही अशी रीत हवी. दुसरी मात्रा किती जणांची राहिली, तेल कुठल्या वाडीत पोचले नाही, नमुन्याचा निकाल किती दिवसांनी आला, याचा ताळा रोज लागला पाहिजे.

उन्हातान्हात घरोघर फिरणाऱ्या आशाताईंना आपले काम येते. त्यांनी आणलेला आकडा वरच्या टेबलावर वाचला जातो का, तिथे खरी परीक्षा आहे. डॉक्टरचा गुण आपण पारखतो. धोरणाचा गुणही तितक्याच चोखंदळपणे पारखायला शिकले पाहिजे.