पेणचा हात, नाशिकरोडचा तुरुंग

आमच्या खालापूर तालुक्यात महडला वरदविनायक आहे, पण घरोघरी बसणारे गणपती येतात ते पेणहून. खोपोलीहून पेणच्या रस्त्याने गेलं की हमरापूर, जोहे ही मूर्तिकारांची गावं फार लांब नाहीत. तिथली विद्या नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहात पोहोचली ती मात्र शिक्षा भोगायला आलेल्या एका माणसाबरोबर. पेणच्या या बंदिवानाच्या हातात मूर्तिकाम होतं. २०१७च्या सुमारास त्याने सोबतच्यांना ते शिकवलं. प्रशासनाने साथ दिली आणि बंद्यांनी घडवलेले शाडूचे गणपती कारागृहाच्या विक्रीकेंद्रात लोकांसाठी मांडले जाऊ लागले.

हे काम घाई चालवून घेत नाही. शाडू भिजवून मळायचा, साच्यात बोटांनी दाबून बसवायचा, सांधे जुळवायचे, सावलीत वाळवायचं, नाहीतर मूर्तीला तडे जातात. मग घासकाम, रंग आणि शेवटी डोळ्यांची आखणी. पेणचं नाव झालं ते या आखणीमुळे. तिथे हात थरथरला तर महिनाभराची मेहनत वाया. कोठडीत दिवस ढकलणाऱ्या माणसाला एवढं एकाग्र व्हावं लागतं, आणि त्याने केलेली वस्तू कुणाच्या तरी देवघरात पूजली जाते! ज्याला समाजाने दूर ठेवलं, त्याला याहून मोठा मान कोणता मिळणार?

ब्रिटनमध्ये अशा कामासाठी कायमची संस्था आहे. स्पेनच्या यादवी युद्धात, १९३७मध्ये, लेखक आर्थर कोस्लर फाशीच्या छायेत तुरुंगात होते. १९६२मध्ये त्यांनी बंदिवानांच्या कलेसाठी पारितोषिकं सुरू केली. आज ‘कोस्लर आर्ट्‌स’ ही संस्था चित्रं, लेखन, संगीत मागवते, लंडनमध्ये प्रदर्शन भरवते, कलाकृती विकते. इकडे नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी १९३३मध्ये ‘श्यामची आई’ लिहिली. आपल्याकडे परंपरेची वाण नाही, पाठबळाची आहे.

आणि ते पाठबळ सर्वांत जास्त कुणाला हवं? न्यायाधीन बंद्यांना. सक्तमजुरीच्या कैद्याला कारखान्यात काम असतं. खटला चालू असलेल्याला सहसा तेही नसतं. देशातल्या दर चार बंदिवानांत सुमारे तीन जण असे आहेत. कर्जत-खालापूरचा आरोपी जामीन मिळाला नाही तर अलिबागच्या किंवा तळोज्याच्या तुरुंगात जातो आणि पुढच्या तारखेची वाट बघत बसतो. दोष अजून सिद्ध झालेला नाही, तरी दिवस मात्र रिकामे.

अलिबागचं जिल्हा कारागृह कान्होजी आंग्र्यांच्या हिराकोटात आहे आणि पेण तिथून तासाभरावर. शाडूला धारदार हत्यार लागत नाही. बोटं आणि लाकडी कोरणी पुरते. पेणच्या मूर्तिकारांनी आठवड्यातून एक दिवस द्यावा, कारागृह विभागाने दार उघडावं आणि रायगडकरांनी त्या मूर्ती घरी आणाव्यात. पेणच्या एका माणसाने हे नाशिकरोडला करून दाखवलं आहे. पेणच्या शेजारी ते व्हायलाच हवं.